हळदीच्या रेणूचा ॲनालॉग करायचाय? आधी त्याची खोड शोधा

दरवर्षी गणपती उठले की एमएस्सी भाग दोनची पोरं प्रोजेक्टचा विषय घेऊन दारात उभी राहतात. दहातली सहा तरी म्हणतात, "सर, हळदीवर कायतरी करूया." त्यांचं चुकत नाही. सांगलीचा हळदीचा बाजार तासाभरावर, कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रेणूची, बाटली परवडणारी, आणि गुगलवर बघावं तर कर्क्युमिन सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर लागू. मी एकच विचारतो, "कर्क्युमिनची खोड काय?" मग सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

वनस्पतीतल्या रेणूत फेरफार करून औषधाच्या दिशेने जाणारा कृत्रिम रेणू करायचा, म्हणजे त्याचा ॲनालॉग करायचा, तर सुरुवात या प्रश्नापासून होते. कोल्हापूर-इचलकरंजी-सांगलीकडच्या कॉलेजात जेवढी सामग्री असते, म्हणजे एक मॅग्नेटिक स्टरर, बर्फ, मेल्टिंग पॉइंटचं यंत्र, एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि बेताचं बजेट, तेवढ्यात हे काम कुठवर नेता येतं ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी पहिली: खोड ओळखा आणि हात न लावायची जागा ओळखा

झाड रेणू करतं ते स्वतःसाठी. कीड, बुरशी, चरायला येणारं जनावर यांना दूर ठेवायला. आपल्या जठरातून तो रक्तात जावा, यकृताने त्याला लगेच बाहेर काढू नये, ही काळजी झाडाला नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वनस्पतिजन्य रेणूत औषध म्हणून काहीतरी खोट असते. विलोच्या सालीतून आलेलं सॅलिसिलिक आम्ल दुखणं थांबवायचं, पण पोटाची आग करायचं; १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्यावर ॲसिटिल गट बसवला आणि ॲस्पिरिन बाजारात आलं. युरोपातल्या गॅलेगा या झुडपातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच ग्वानिडीन कुळातलं मेटफॉर्मिन आज आपल्याकडे घरटी एकाच्या डब्यात सापडेल.

पण मला पोरांना सांगायला आवडते ती नरक्याची गोष्ट, कारण ते झाड आपल्याच सह्याद्रीतलं आहे. घाण वास येतो म्हणून नरक्या. वॉल आणि वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच रेणू आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. कर्कपेशींवर तो जबरदस्त चालायचा, पण पाण्यात विरघळायचा नाही. मग पहिल्या चाचण्यांत एक वरकरणी सोपा उपाय केला गेला. रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडून त्याचं सोडियम मीठ केलं आणि रुग्णांना दिलं. विरघळलं झकास. गुण मात्र फारसा आला नाही आणि मूत्राशयाला भयंकर त्रास झाला, कारण औषधाचा जीव त्या बंद कड्यातच होता. पुढच्या पिढीने कडं तसंच ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला अमाइनची एक शेपटी जोडली. ते टोपोटेकॅन. १९९६ मध्ये त्याला आणि त्याच्या भावाला, इरिनोटेकॅनला, अमेरिकेत मान्यता मिळाली.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी हव्यात: या रेणूची खोड कोणती, आणि त्याच्या कुठल्या भागाला हात लावायचा नाही. या दोन ओळी भरता येत नसतील तर विषय बदला.

ॲनालॉगसाठी कोयता घेऊन राधानगरीत जायची गरज नसते, हेही इथेच सांगतो. नरक्याची झाडं या रेणूपायी आधीच बेसुमार तुटली आहेत. अभयारण्यातून फांदीही वनखात्याच्या परवानगीशिवाय आणता येत नाही, वर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. आपला कच्चा माल बाटलीतून येतो.

पायरी दुसरी: कागदावरचं काम

कर्क्युमिनच घेऊ. रेणूच्या दोन टोकांना दोन फिनॉलची कडी, मध्ये सात कार्बनांची साखळी, आणि साखळीच्या मधोमध दोन कार्बोनिल (दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन आणि ऑक्सिजन). खोड आहे ती या मधल्या डायकीटोनमध्ये. १९९७ मध्ये छापून आलेल्या मोजमापानुसार साध्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांना आणि पीएच ७.२ ला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडून जातं. रक्तद्रवात ते जरा जास्त टिकतं, पण आतड्यातून शोषलंच थोडं जातं आणि शोषलेल्याला यकृत लगेच साखर चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवतं.

आता रेणू तोंडाने घ्यायचं औषध होण्याजोगा आहे का हे ताडणारे लिपिन्स्कीचे नियम लावून बघा. १९९७ चेच ते: रेणुभार ५०० च्या आत, लॉगपी (पाण्यापेक्षा तेलाकडे किती ओढा आहे त्याचं माप) ५ च्या आत, हायड्रोजन बंध देणारे गट ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८, बाकीचे आकडेही बसतात. म्हणजे परीक्षेत पास, नोकरीत नापास. स्विसएडीएमई या मोफत संकेतस्थळावर रेणू टाकून अनुकूल निकाल मिळाला की पोरं खूश होतात, म्हणून हे सांगावं लागतं.

डायकीटोन काढून मध्ये एकच कार्बोनिल ठेवला की मोनोकार्बोनिल ॲनालॉग मिळतात. एका कीटोनच्या दोन्ही बाजूंना अल्डिहाइडचा एकेक रेणू जोडून ते करतात. या वाटेवर बरेच जण चालून गेलेत. ईएफ२४ नावाचा पायपरिडोनवरचा फ्लोरिनवाला रेणू प्रयोगशाळांत खूप तपासला गेला आहे. व्हॅनिलिन आणि सायक्लोहेक्झॅनोनपासूनचा सायक्लोव्हॅलोन तर पित्तस्राव वाढवणारं औषध म्हणून वापरातही होता. म्हणून आपला रेणू नवा आहे का हे बघताना पबकेम आणि केम्बल या रेणूंच्या संग्रहांवर नुसतं नाव शोधू नका, रचना काढून शोधा. एकाच रेणूची चार नावं असतात आणि पोरं पाचव्या नावाने शोधून "नवीन आहे सर" म्हणतात. भारतीय औषधी वनस्पतींतल्या रेणूंसाठी चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेचा इम्पॅट हा संग्रह चांगला आहे. गुगल पेटंट्सही चाळा.

किती रेणू करायचे? आठ ते बारा. एका वेळी एकच बदल. इथे १९७२ ची टॉपलिसची पद्धत मला अजूनही सगळ्यात व्यवहारी वाटते. आधी बिनगटाचं कडं करा, मग चौथ्या जागी क्लोरीन घाला. परिणाम वाढला तर ३,४-डायक्लोरो करा. घटला तर ४-मिथॉक्सी. तेवढाच राहिला तर ४-मिथिल. ही कडी ज्यांतून येतात ते सगळे अल्डिहाइड सहज मिळतात. आणि यादीत कर्क्युमिन स्वतः पाहिजेच, नाहीतर सुधारणा कशाच्या तुलनेत झाली ते सांगता येत नाही.

डॉकिंगबद्दल, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर बघण्याबद्दल, थोडक्यात. ऑटोडॉक व्हिना फुकट आहे, चालवा. पण आधी त्या प्रथिनाच्या स्फटिकात मुळात बसलेला रेणू काढून परत बसवून बघा; तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला तरच पुढचं बोला. मिळालेला आकडा हा अंदाज असतो, त्याला "परिणामकारकता सिद्ध झाली" म्हणू नका. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर पहिला दगड तिथेच मारतात.

पायरी तिसरी: पहिला घाणा

थेट नव्या रेणूला हात घालू नका. आधी डायबेन्झिलिडीनॲसिटोन करा, बेन्झाल्डिहाइड दोन भाग आणि ॲसिटोन एक भाग, मोलमध्ये. त्याचा वितळणबिंदू ११० ते ११२ अंशांदरम्यान येतो. तुमचा आला तर हात बसला म्हणायचा. ॲसिटोन मोजता मोजता उडून जातं, म्हणून ते तोलून अल्डिहाइडमध्ये मिसळा आणि बूच लावा. ॲसिटोन जास्त पडलं तर एकाच बाजूला अल्डिहाइड लागलेला रेणू तयार होतो. बेन्झाल्डिहाइडच्या बाटलीच्या गळ्याशी पांढरे खडे दिसले तर ते बेन्झॉइक आम्ल आहे. ते तुमचा सोडा, म्हणजे उत्प्रेरक सोडियम हायड्रॉक्साइड, खाऊन टाकणार. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवा किंवा उर्ध्वपातन करून घ्या.

मग खरा रेणू. १० मिलिमोल, म्हणजे ०.८४ ग्रॅम सायक्लोपेंटॅनोन आणि २० मिलिमोल, म्हणजे २.७२ ग्रॅम ४-मिथॉक्सीबेन्झाल्डिहाइड २० मि.ली. इथेनॉलमध्ये घ्या. फ्लास्क बर्फात ठेवून ढवळत राहा आणि १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं ५ मि.ली. द्रावण थेंबाथेंबाने सोडा. गॉगल आणि हातमोजे घालूनच. द्रावण पिवळं होतं, मग गढुळतं, आणि एकदम पिवळा साका बसायला लागतो. साका बसला म्हणून लगेच गाळायची घाई नको. तास-दीड तास ढवळत ठेवा आणि टीएलसी (सिलिकाच्या प्लेटवर मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करायची चाचणी) बघत राहा.

गुऱ्हाळावर गुळव्या काय करतो आठवा. काहिलीतला पाक थोडा थंड पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो, गोळी बसली की मगच काहील उतरवायला सांगतो. घड्याळ बघत नाही. टीएलसी म्हणजे आपली ती गोळी. हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट ७:३ घेऊन सुरुवात करा, अल्डिहाइडचा ठिपका संपला की थांबा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की सिलिकाच्या प्लेट पाणी ओढतात आणि कालचा आरएफ (ठिपका किती वर चढला त्याचं प्रमाण) आज जुळत नाही. वापरण्याआधी प्लेट अर्धा तास ११० अंशांना ओव्हनमध्ये ठेवा, आणि सुरुवातीचा अल्डिहाइड प्रत्येक प्लेटवर शेजारी लावा. पावसाळ्यात उत्पादनसुद्धा नुसतं कागदावर पसरून वाळत नाही. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवल्याशिवाय वजन करू नका. मागे एकाने १०४ टक्के उत्पादन आणून दाखवलं होतं. चार टक्के पाऊस होता.

साका गाळून थंड पाण्याने धुवा, लिटमस बदलेनासा होईपर्यंत. मग पुनर्स्फटिकीकरण. पूर्ण उत्पादन ३.२० ग्रॅम यायला हवं. त्यातलं ७० टक्के हाती आलं तर समाधान माना.

व्हॅनिलिन वापरताना मात्र ही कृती चालत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी दोन आठवडे यात घालवतंच. व्हॅनिलिनवर मोकळा फिनॉल आहे. सोड्यात त्याचं फिनॉक्साइड होतं, त्याचा इलेक्ट्रॉनचा भार अल्डिहाइडवर येतो आणि अल्डिहाइड थंड पडतो. तिथे आम्ल उत्प्रेरक घ्या, संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, आणि काम फ्यूम हूडमध्ये.

टाकाऊ द्रावणांच्या बाटल्यांकडेही लक्ष द्या. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकाच बाटलीत कधीही ओतू नका. त्यात सोड्याचा अंश गेला तर बाटली आपोआप तापते, स्फोटापर्यंत वेळ येऊ शकते. दोन बाटल्या, दोन रंगांची बुचं.

पायरी चौथी: शुद्ध आहे हे दाखवा

वितळणबिंदू एक-दोन अंशांच्या पट्ट्यात यायला हवा. पाच-सहा अंश पसरला तर परत स्फटिक करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथे उत्कलनबिंदू पुस्तकापेक्षा थोडे खाली येतात. "सर, उंचीमुळे मेल्टिंग पॉइंट कमी आला" हे कारण मात्र चालणार नाही, वितळण्यावर तेवढ्या दाबाचा काही परिणाम होत नाही.

आयआरमध्ये, म्हणजे अवरक्त किरणांच्या आलेखात, कार्बोनिलची पट्टी साध्या सायक्लोपेंटॅनोनपेक्षा बरीच खाली सरकलेली दिसते, कारण तो आता दोन्ही बाजूंनी दुहेरी बंधांना जोडलेला आहे. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकी क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन ओळखायची पद्धत) आधी मोजणी करा: मिथॉक्सीचे ६ प्रोटॉन ३.८ च्या आसपास, कड्यातल्या दोन सीएच२ चे ४ प्रोटॉन ३.१ च्या आसपास. हे ६:४ प्रमाण बिघडलं तर एका बाजूचाच रेणू मिसळलेला आहे. जैविक चाचणीला द्यायचा असेल तर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ९५ टक्के शुद्धता हा किमान उंबरठा समजा.

बाजारातल्या कर्क्युमिनलाही हीच कसोटी लावा. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५ मध्ये प्लेट चालवलीत की पिवळे तीन ठिपके दिसतात: कर्क्युमिन, त्याखाली एक मिथॉक्सी कमी असलेला, त्याखाली दोन्ही नसलेला. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तेच मिश्रण. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून वहीत उतरवा.

पायरी पाचवी: खोड मोडली का?

आता मूळ प्रश्न. बहुतेक प्रोजेक्ट तो विसरून थेट जिवाणूंच्या डिशकडे धावतात. कर्क्युमिन टिकत नाही म्हणून आपण रेणू बदलला, मग आधी टिकतो का ते बघायला नको? याला लागतो फक्त यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि एक वॉटर बाथ.

कर्क्युमिन आणि तुमचा रेणू यांची ५ मिलिमोलर द्रावणं डीएमएसओ या द्रावकात करा. पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर ३७ अंशांवर आणून ५ मि.ली. घ्या आणि त्यात १० मायक्रोलिटर द्रावण टाका. १० मायक्रोमोलर झालं. नळीला फॉइल गुंडाळा, उजेडाने हे दुहेरी बंध फिरतात. आधी पूर्ण स्कॅन घेऊन शिखर कुठे आहे ते बघा. कर्क्युमिनचं ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मिळेल, तुमचं वेगळं असेल. मग ०, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांनी वाचन. कर्क्युमिनचा पिवळा रंग डोळ्यांदेखत उतरत जातो. हे बघताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण वाचलेली गोष्ट पहिल्यांदा समोर घडत असते.

यात एक फसगत आहे. तुमचा रेणू न मोडताही वाचन घसरू शकतं, कारण तो पाण्यात विरघळलेला न राहता बारीक कण होऊन तळाशी बसतो. म्हणून साठाव्या मिनिटाला त्याच नळीत तेवढंच इथेनॉल घालून हलवा, आणि ताज्या केलेल्या तशाच मिश्रणाशी ताडून बघा. रंग परत आला तर रेणू शाबूत आहे, फक्त विरघळत नाही. मग खोड एक गेली आणि दुसरी आली, आणि पुढचा बदल कुठे करायचा तेही कळलं.

पायरी सहावी: जैविक चाचणी, आणि सात नंबरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे रेणू पेशींवरच्या एमटीटी चाचणीसाठी बाहेर पाठवले होते; जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात, त्या रंगावरून त्या मोजायच्या. सातव्या नंबरचा रेणू व्हॅनिलिनपासूनचा. अहवालात त्याचा डोस वाढेल तशा जिवंत पेशी वाढत होत्या, १२० टक्क्यांपर्यंत. "सर, लई भारी आलंय, पेशी वाचवतोय हा!" मीही भाळलो. परिषदेसाठी सारांश लिहून तयार होता. तिलाच शंका आली. तिने पेशी न घालता नुसत्या माध्यमात सात नंबर आणि एमटीटी टाकून ठेवलं. दोन तासांत जांभळं. पेशींचा संबंधच नव्हता, मोकळ्या फिनॉलवाला रेणू स्वतःच एमटीटीला रंग देत होता. सारांश मी फाडून टाकला. ती चूक तिची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून आमचा नेम असा. प्रत्येक रंगाच्या चाचणीत पेशींशिवायचा एक खड्डा (चाचणीच्या प्लेटमधली वाटी), नुसत्या डीएमएसओचा एक, मूळ कर्क्युमिनचा एक, आणि माहीत असलेल्या औषधाचा एक. डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर नाही. तुलना मायक्रोमोलरमध्ये करा, मायक्रोग्रॅममध्ये नको, नाहीतर हलका रेणू उगाच भारी ठरतो. कर्कपेशींबरोबर एक साधी, कर्करोग नसलेली पेशीरांग (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) हवीच. दोन्ही सारख्याच मरत असतील तर ते विष आहे.

या कुळातल्या रेणूंच्या कार्बोनिलशेजारचा दुहेरी बंध दिसेल त्या सल्फरला चिकटतो. मग तो दहा प्रथिनांवर "परिणाम" दाखवतो. चाचणीत सल्फरवालं ग्लुटाथायोन घालून बघा, परिणाम गायब झाला तर कारण कळलं. कण जमून प्रथिनाला वेढत असतील तर ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ) घातल्यावर तो परिणाम उतरतो. कर्क्युमिनवरची कितीतरी उत्साही निरीक्षणं अशाच कारणांनी संशयात आली, आणि २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत त्यावर मोठा आढावाही आला. जिवाणूंसाठी डिशमधलं वर्तुळ मोजून थांबू नका. पाण्यात न विरघळणारा रेणू अगारमध्ये पसरतच नाही, तेव्हा वर्तुळ न येणं म्हणजे निकामी असं नाही. द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढा.

कागदपत्रं

हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने जुने दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आपल्या पेटंट कायद्याचं ३(पी) कलम पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही, आणि ३(डी) कलम माहीत असलेल्या पदार्थाच्या नुसत्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याशिवाय. तुमचा रेणू खरोखर नवा असेल तर आधी अर्ज, मग पोस्टर. उलटं केलंत तर तुमचंच पोस्टर तुमच्या आड येतं.

पिवळी पावडर बघून दरवर्षी एखादे पालक विचारतातच, "सर, आमच्या आईला शुगर आहे, थोडी देता का?" कुपीवर लाल अक्षरांत "खाण्यासाठी नाही" लिहा आणि कुलूप लावा. फ्लास्कपासून माणसापर्यंत प्राण्यांवरच्या चाचण्या, नैतिक समितीची मंजुरी, २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि माणसांवरचे तीन टप्पे आहेत, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. ईएफ२४ वर इतकं काम होऊनही तो औषधाच्या दुकानात नाही.

कुप्यांवर नंबर, तारीख, वहीचं पान आणि करणाऱ्याचं नाव, पेन्सिलने. शाई इथेनॉलने पुसली जाते. सात नंबरची कुपी अजून फ्रीजमध्ये आहे, फॉइलमध्ये गुंडाळलेली. यंदाच्या दोघांना मी व्हॅनिलिनऐवजी व्हेराट्राल्डिहाइड घ्यायला सांगितलंय, म्हणजे दोन्ही फिनॉलवर मिथिल बसेल आणि एमटीटी जांभळं करण्याची ती खोड उरते का ते दिसेल. पेशींशिवायचा खड्डा ते पहिल्याच दिवशी लावणार आहेत. बर्फ सांगून ठेवलाय, पहिला घाणा सोमवारी.